मानेच्या गादीत कॅल्शियम: दूध बंद करायचं का?

प्रश्न : कापूस वेचणीच्या दिवसांत माझा ८ वर्षांचा मुलगा एका सकाळी मान वाकडी घेऊनच उठला. अंगात कणकण होती. सासूबाईंनी मान आखडली म्हणून तेल लावून चोळलं, तर तो किंचाळला. एक्स-रेत मानेच्या गादीत कॅल्शियम साचल्याचं आलं. घरच्यांनी त्याचं दूध बंद केलंय. ऑपरेशन लागेल का?
– एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, आज संध्याकाळपासूनच त्याचं दूध सुरू करा. हे कॅल्शियम दुधातून आलेलं नाही. अशा मुलांच्या रक्तातलं कॅल्शियम सहसा ठीकच असतं.

दोन मणक्यांमधल्या गादीच्या मऊ गाभ्यात ते जमतं आणि तिथे सूज येते. साधारण ५ ते १२ वर्षांच्या लेकरांत हे दिसतं, तेही बहुतेकदा मानेत. का जमतं, ते वैद्यकाला अजून उलगडलेलं नाही. कुणी आधी पडलेलं असतं, कुणाला सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो, पुष्कळांना काहीच झालेलं नसतं. मोठ्या माणसांत गादी झिजून कॅल्शियम साचतं आणि तसंच राहतं. लेकरांचं मात्र बहुधा आपोआप विरून जातं. दुखणं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरतं. एक्स-रेतला पांढरा ठिपका जायला महिने लागतात, कधी वर्षंही. तो दिसतोय म्हणून घाबरू नका.

असं पहिलं मूल माझ्यापुढे आलं, तेव्हा मणक्याच्या टीबीची शंका बोलून मी त्याच्या आईची झोप उडवली होती. त्याची मला आजही खंत आहे. तरी घरात कुणाला टीबी झाला असेल, मुलाचं वजन घटत असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

ऑपरेशन क्वचितच लागतं. मानेला मऊ पट्टा, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलेलं सूज उतरवणारं औषध, थोडे दिवस दप्तर आणि धावपळ बंद, एवढंच. मान चोळू नका, आणि ‘एका झटक्यात बसवून देतो’ म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नेऊ नका. गादीचा गाभा मागे सरकला तर मज्जारज्जूवर दाब येतो. हातापायांना मुंग्या, हातातून पेन्सिल गळणं, चालताना अडखळणं, लघवी अडणं, गिळायला त्रास, किंवा जोराचा ताप येऊन उलट्या आणि गुंगी, यातलं काहीही दिसलं तर एसटीची वाट पाहू नका. गाडी करून सेवाग्राम किंवा नागपूर गाठा.

आणि पहिला एक्स-रे जपून ठेवा, पुढच्या तपासणीत तो शेजारी धरूनच फरक कळतो.