खोल समुद्रातील माशांकडे पाहून दाब सहन करणारा मऊ पदार्थ बनवता येईल का?

आपला प्रश्न असा आहे की, खोल समुद्रातील मासे प्रचंड दाबाखाली चिरडले जात नाहीत, तर त्यांच्या शरीराचे अनुकरण करून असा मऊ पदार्थ बनवता येईल का, आणि तो किती मजबूत असावा लागेल? आपण ठाण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून हा प्रकल्पाचा विषय आहे, असेही आपण लिहिले आहे. मी रबाळे एमआयडीसीत सिलिकॉन रबराचे सील आणि केबलचे जोड बनवण्याच्या कामात बरीच वर्षे आहे, तेव्हा कारखान्यातल्या माणसाच्या नजरेने उत्तर देतो. असा पदार्थ बनवता येतो, बनवलाही गेला आहे. परंतु ‘मजबूत’ हा शब्द आधी बाजूला ठेवावा लागेल.

समुद्रात दर 10 मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका, वाढतो आणि समुद्रातील सर्वांत खोल अशा मारियाना गर्तेच्या तळाशी, म्हणजे साधारण 10,900 मीटरवर, तो पृष्ठभागावरील दाबाच्या अकराशे पटीच्या आसपास पोहोचतो. एवढ्या दाबाखालीही पाण्याचे आकारमान जेमतेम 5 टक्क्यांनी घटते. खूप खोल पाण्यातल्या स्नेलफिशसारख्या माशाचे शरीर बहुतांश पाण्याचे, आत हवेची पिशवी नाही आणि दाब सर्व बाजूंनी सारखा, त्यामुळे चिरडण्यासारखे आत काही उरतच नाही. चिरडली जाते ती पोकळी. आपल्या ‘मत्स्य 6000’ पाणबुडीत माणसे बसणार असल्यामुळे हवा ठेवणे भाग आहे, आणि म्हणूनच तिच्या 2.1 मीटर व्यासाच्या गोलाला 80 मिलिमीटर जाडीची टायटॅनियमची भिंत लागते. सुमारे 8,000 मीटरवर राहणारा स्नेलफिश मात्र हाताला ओल्या बोंबलासारखा बुळबुळीत आणि लिबलिबीत असतो.

रबराचे वागणेही असेच असते. सिलिकॉनचा आकार बोटाने दाबून बदलता येतो, पण त्याचे आकारमान घटवायचे झाले तर हजार पटीहून अधिक विरोध होतो. आकार आणि आकारमान यांतला हा फरक नीट समजला की अर्धा विषय समजला, असे माझे मत आहे.

उरलेला अर्धा विषय जोडांचा आहे आणि तो मी चूक करून शिकलो. एका ग्राहकाच्या पाण्याखालच्या सेन्सरचे सर्किट आम्ही सिलिकॉनमध्ये पॉटिंग करून, म्हणजे त्यावर पातळ सिलिकॉन ओतून ते आत बंद करून, दिले होते. माल वेळेत द्यायच्या घाईत मी व्हॅक्युममध्ये हवा काढण्याचा वेळ निम्मा केला. दाब-चाचणीत 60 वातावरणांवर सर्किट बंद पडले, आणि तुकडा कापून पाहिला तेव्हा सिलिकॉन शाबूत होते, पण बोर्डाच्या कडेला ते सुटून आले होते. तिथे राहिलेला बुडबुडा दाबाने आक्रसला, आजूबाजूचे सिलिकॉन त्याच्याकडे ओढले गेले आणि बोर्डाशी असलेली पकड सुटली.

चीनमधील झेजियांग विद्यापीठाच्या ली तिएफेंग यांच्या गटाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मऊ रोबोमध्ये याच जोडांचा विचार केलेला आहे. स्नेलफिशची कवटी पूर्ण बंद नसते, तिच्या हाडांमध्ये फटी असतात. 2019 मधील जनुकीय अभ्यासात हाडे कठीण होण्याशी संबंधित एक जनुक या माशात निकामी झालेले आढळले. कवटीच्या या रचनेवरून झेजियांगच्या गटाने इलेक्ट्रॉनिक भाग एकाच बोर्डावर दाटीने न बसवता सुटे सुटे करून सिलिकॉनमध्ये पसरवले. दाबाखाली सिलिकॉन जास्त आक्रसते आणि कठीण भाग कमी, त्यामुळे दोघांच्या सीमेवर ताण येतो. भाग एकमेकांना खेटून असले की हे ताण एकमेकांवर चढतात, मोकळे असले की मधले सिलिकॉन ते सामावून घेते. व्होल्टेज दिल्यावर ताणल्या जाणाऱ्या रबराचे या रोबोचे पंख पाहणाऱ्याला आधी भुरळ घालतात, पण मला खरी कल्पकता या मांडणीत दिसते. हा रोबो मारियाना गर्तेत यंत्राला बांधलेल्या अवस्थेत पंख हलवत होता. मोकळा तो दक्षिण चीन समुद्रात 3,224 मीटरवर पोहला. बातम्यांमध्ये या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र केल्या जातात.

मऊपणा रेणूंच्या पातळीवर टिकवणे ही याहून अवघड गोष्ट आहे. जानेवारीतल्या एखाद्या गार सकाळी खोबरेल तेलाची बाटली थिजते, तसेच पेशीच्या आवरणातील मेद दाबाखाली थिजू पाहतात. 1000 वातावरणांचा दाब म्हणजे त्यांच्यासाठी तापमान 13 ते 21 अंशांनी उतरल्यासारखे असते. खोल पाण्यातील कॉम्ब जेली नावाच्या प्राण्यांवरील 2024 च्या संशोधनात असे दिसले की, त्यांच्या आवरणात प्लाझ्मॅलोजेन नावाचे मेद भरपूर असतात आणि त्यांच्या रेणूंचा आकार एरवी नको तितका शंकूसारखा असतो. दाब त्या रेणूंना आवळून योग्य आकारात आणतो. असा प्राणी वर आणला की आवरणाची घडी विस्कटते आणि त्याचे शरीर अक्षरशः विरघळल्यासारखे होते. ई. कोलाय जिवाणूंना हेच मेद तयार करायला लावले, तेव्हा ते दाबाखाली अधिक तग धरू लागले. त्यामुळे असा मेद वापरून काही बनवणार असाल, तर तो नेमका कोणत्या खोलीसाठी हवा हे आधी ठरवावे लागेल.

प्रकल्पाला मोठे यंत्र लागत नाही. शक्य तितक्या मऊ ग्रेडचे पारदर्शक सिलिकॉन घेऊन एकेक रेझिस्टर आत घातलेले दोन तुकडे ओता. एकातली हवा व्हॅक्युमने काढा, दुसऱ्यात राहू द्या. पाण्याने काठोकाठ भरलेल्या 20 मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये पाळीपाळीने एकेक तुकडा ठेवून तोंड बंद करा आणि दट्ट्या दाबा. अंगठ्याच्या जोराने दोन-तीन वातावरणांचा दाब सहज येतो. हवा राहिलेल्या तुकड्यात बुडबुडे लहान होताना डोळ्यांना दिसतील. हवा काढलेल्या तुकड्यातही कुठे फट दिसलीच, तर ती बहुधा रेझिस्टरच्या पायांपाशी असेल. पुढचा तुकडा ओतण्याआधी तिथे प्रायमर, म्हणजे सिलिकॉनची पकड वाढवणारा लेप, लावून पाहा.