आजीचा ‘आन’

प्रश्न : मुलगा-सून आइंडहोव्हनला असतात. दोन महिने तिथे राहून थोडी डच शिकले. नातू म्हणायचा, ‘इक खेफ ओमा एन टेकनिंग’, म्हणजे मी आजीला चित्र देतो. त्याच धर्तीवर ‘शेजारी आजीला सायकल विकतो’ असं सांगायला मी म्हटलं, ‘दे ब्यूरमान फेरकोप्त ओमा झेइन फीत्स’. तर तो म्हणतो, सायकल आधी, मग ‘आन ओमा’! हा ‘आन’ म्हणजे आपला ‘ला’ किंवा ‘कडे’. द्यायला ‘आन’ नको आणि विकायला हवा, हा कुठला नियम?
– एक आजी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, तुमचं वाक्य चूक नव्हतं आणि नातवाचा कानही पक्का आहे. डचमध्ये ही दोन्ही वळणं चालतात. ‘इक खेफ एन टेकनिंग आन ओमा’ असंही म्हणतातच. पण प्रत्येक क्रियापदाचा ओढा वेगळा. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाचे टिमोथी कोलेमन यांनी 2009 साली, प्रत्यक्ष वापरातली वाक्यं मोजून, हाच ओढा तपासला. ‘खेवन’ (देणे) ‘आन’शिवायच्या वळणाकडे झुकतं, ‘फेरकोपन’ (विकणे) ‘आन’कडे. देण्यात घेणाऱ्याच्या हाती काय आलं ते मोठं, विकण्यात वस्तू मालकाकडून गेली ते मोठं. मला तरी कारण इथे दिसतं. घेणाऱ्याचं वर्णन लांबलं, तर ‘खेवन’सुद्धा ‘आन’ घेऊन त्याला शेवटी बसवतं. ‘कॉस्टन’ला (खर्ची पडणे) मात्र ‘आन’ मुळीच खपत नाही: ‘दाट कॉस्ट मे एन दाख’, यात माझा एक दिवस जातो.

आपल्याकडे काय वेगळं आहे? किल्ली काकूंना दिली आणि काकूंकडे दिली, यातला फरक तुम्हाला कुणी शिकवला नसेल. ‘सोपवली’ म्हटलं की मात्र ओढा ‘काकूंकडे’चा. लहानपणी रामबागेत हिंदी शाळेतून घरी येऊन मी ‘बाईंशी विचारलं’ म्हणायचे, ‘उनसे पूछा’ डोक्यात असायचं ना! आई पोळी लाटता लाटता म्हणायची, “बोलायचं बाईंशी, विचारायचं बाईंना.” याहून नेमकं व्याकरण मी पुढे कॉलेजातही ऐकलं नाही.

म्हणून वहीत नुसतं क्रियापद लिहू नका, त्याचं एक अख्खं वाक्य लिहा. सुरुवात ‘ओव्हरलाटन’पासून करा. ‘लाट दाट मार आन मेइ ओव्हर’, ते माझ्यावर सोपवा. इथे ‘आन’ येतोच. पुढच्या व्हिडिओ कॉलवर नातवाला म्हणून दाखवा.