दोऱ्या-वजनं लावून गणित सोडवतो, मग कॉमर्सला टाकू का?

नमस्कार भाऊ, मानेवाड्याहून पाठवलेलं पत्र वाचलं. मुलगा अकरावी सायन्सला, गणित दिसलं की फॉर्म्युला सोडून दोऱ्या अन् वजनांचं चित्र काढत बसतो, उत्तर बरोबर येतं पण पायऱ्या नसतात म्हणून क्लासचे सर मार्क कापतात, आणि तुम्ही विचारता कॉमर्सला टाकू का. नका टाकू जी.

तुम्ही लिहिलेलंच गणित घ्या ना. तीन गावं, एक टाकी, एकूण पाइप कमीत कमी लागला पाहिजे. पोरानं प्लायवूडला गावांच्या जागी तीन भोकं पाडली, तीन दोऱ्यांची वर एक गाठ मारली, टोकं भोकांतून खाली सोडून सारखी वजनं बांधली. वजनं होईल तितकी खाली जाणार म्हणजे फळीवर दोरी कमीत कमी उरणार, अन् तिन्हीकडून ओढ सारखी म्हणून गाठ थांबते तिथं दोऱ्यांमध्ये 120-120 अंश. तीच टाकीची जागा, झालं गणित! कॅल्क्युलसनं करायला गेलं की दोन व्हेरिएबल, तीन वर्गमुळं, पानभर कटकट.

मेख एकच आहे. त्रिकोणाचा एखादा कोन 120 किंवा जास्त असला की गाठ त्याच भोकाशी जाऊन अडकते. नकाशावर वर्धा-नागपूर-भंडारा जोडून बघा, नागपूरपाशी कोन 120 च्या वरच येतो, म्हणजे टाकी नागपुरातच बांधा (नागपूरच्या झिरो माइल खांबापाशी राहणारे खूश). ही केस त्याला आधी दिसली होती का, विचारा. नसेल दिसली तर सरांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे.

आर्किमिडीजनंही गोलाचं घनफळ आधी मनातल्या तराजूवर तोलूनच काढलं होतं. पण एराटोस्थेनिस या दुसऱ्या ग्रीक विद्वानाला लिहिताना स्वतःच म्हणाला की ही सिद्धता नव्हे, सिद्धता भूमितीनं वेगळी द्यायची. तुमच्या पोराची ही दुसरी अर्धी बाजूच कच्ची आहे, बाकी काही नाही. रोज एक गणित आधी त्याच्या पद्धतीनं, मग त्याच पानावर पूर्ण पायऱ्यांनी लिहायला लावा, बोर्डात पायऱ्यांना मार्क असतात आणि जेईईत कोणी पायऱ्या बघत नाही, तिथं ही सवय उलट कामाला येते.

पुढे व्हीएनआयटीत (नागपूरचं इंजिनिअरिंग कॉलेज) सिव्हिल-मेकॅनिकल आहेच, पण मला विचाराल तर आयसर या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा आयएटी आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची एंट्रन्स द्यायलाच लावा. चेन्नईच्या पेपरात कारणं लिहून दाखवावी लागतात, जुने पेपर त्यांच्या साइटवर फुकट आहेत, दिवाळीच्या सुट्टीत एक तरी सोडवू द्या.