चेहऱ्यावरच्या केसांसाठी लेझर केल्यावर कॉन्फिडन्स खरंच वाढतो का? पुण्यात किती खर्च येतो?

तू लिहिलंयस की वय २६, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते, तोंडावर केस येतात तो त्रास) आहे, हनुवटीवर आणि गळ्याशी जाड केस येतात, घरात स्थळं बघतायत आणि आई म्हणते बेसन-हळद लाव, जातील. हे वाचलं आणि जेवणाचा डबा अर्धा तसाच ठेवून टाईप करायला बसले. मी ४१ ची आहे म्हणून एकेरी लिहितेय, चालवून घे.

बेसनाचं आधी मिटवून टाकते. बेसनाची भजी चांगली होतात. वाळलेलं बेसन चोळून काढलं की त्याला चिकटून थोडी लव निघते, बाकी काही होत नाही. ज्या केसाला आतून हार्मोन खतपाणी घालतंय तो पिठाला घाबरत नाही. मी दोन वर्षं लावलंय, सोबत आंबेहळद, कपडे पिवळे झाले तेवढेच.

आता माझं सांगते. अकरावीत असताना सुरू झालं. तेव्हा पीसीओएस वगैरे शब्द आमच्या घरात कुणाला माहीत नव्हता, पाळी तीन-तीन महिने यायची नाही त्याला आई 'लग्न झालं की सुरळीत होईल' म्हणायची. पुण्यात गाडीवरच्या पोरी डोळे सोडून अख्खं तोंड स्कार्फने बांधतात, बाहेरगावचे लोक त्यावर हसतात, आपल्यासाठी ते उन्हाचं आणि धुळीचं. माझ्यासाठी नव्हतं. माझ्यासाठी तो स्कार्फ म्हणजे घर ते कॉलेज एवढं अंतर तरी कुणी माझ्या हनुवटीकडे बघणार नाही याची सोय होती. कॉलेजात पोचले की पार्किंगमध्ये गाडीच्या आरशात बघायचं, कारण उजेडात जे दिसतं ते बाथरूमच्या आरशात दिसत नाही हे ज्याला केस असतात त्यालाच कळतं. डिकीत कायम एक चिमटा. पुढे नोकरी लागली तेव्हाही डिकीत चिमटा, पर्समध्ये एक, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक. पार्लरवाल्या काकूंकडे दर चार दिवसांनी थ्रेडिंग, त्या बिचाऱ्या एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत, पण शेजारच्या खुर्चीवरच्या बायका वाकून बघायच्या. आणि उपटून उपटून हनुवटी नुसती काळी पडली, आत वळलेल्या केसांच्या पुळ्या वेगळ्याच.

मी एका सहकारी बँकेत आहे. लागले तेव्हा मागे क्लिअरिंगला होते, दोन वर्षांनी काउंटरला ये म्हणाले आणि मी नको म्हणाले. काउंटर खिडकीशेजारी होता. डावीकडून ऊन यायचं. एवढंच कारण. माझ्यानंतर लागलेली मुलगी काउंटरवर गेली आणि पुढे माझ्या आधी ऑफिसरही झाली, ती हुशार होती, तिच्याबद्दल तक्रार नाही.

मग भाऊबीज. निगडीला ताईकडे सगळे जमलेलो, ताईची मुलगी तेव्हा पाच वर्षांची, माझ्या मांडीवर बसली होती, गालावरून हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाली, "मावशी, तुला बाबांसारखं टोचतंय." सगळे हसले. पोरीचा काहीच दोष नाही, पण ताई पण हसली, आणि नंतर स्वयंपाकघरात मला म्हणते, "अगं एवढं काय मनाला लावून घेतेस, स्वतःला आहे तसं स्वीकारायला शीक, कॉन्फिडन्स आतून येतो." ही बाई दर तीन आठवड्यांनी मुळांना रंग लावते. ते पांढरे केस तिने आहे तसे का नाही स्वीकारले? हे मला तेव्हा सुचलं नाही, बसने परत येताना शिवाजीनगरला सुचलं. सुचायच्या गोष्टी नेहमी शिवाजीनगरला सुचतात.

त्याच आठवड्यात मी चिडून टिळक रोडच्या बाजूला एका सेंटरमध्ये दिवाळी ऑफर घेतली. फुल फेस, सहा सिटिंग. २०१२ ची गोष्ट आहे. नाव सांगणार नाही, आता ते तिथे नाहीच. पांढरा कोट घातलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, तिने फॉर्मवर सही घेतली आणि सुरू. पाळीबद्दल एक प्रश्न नाही, गोळ्या चालू आहेत का विचारलं नाही, आणि मी आदल्याच रविवारी सिंहगड चढून उन्हात भाजून आलेले ते तोंडावर दिसत असूनही काही नाही. हे का महत्त्वाचं ते समजून घे. लेझर असो नाहीतर दुसरं लाईटचं मशीन, ते केसातल्या मेलॅनिनला, म्हणजे काळ्या रंगाला पकडतं आणि त्या उष्णतेने मूळ जाळतं. मेलॅनिन कातडीतही असतं, आणि आपल्यासारख्या सावळ्या, वर ऊन खाल्लेल्या कातडीत भरपूर. मशीनला केस आणि गाल यातला फरक कळत नाही, तो चालवणाऱ्याला कळावा लागतो. दुसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही गालांवर चौकोनी चौकोनी डाग उठले, मशीनचं टोक जिथे जिथे टेकवलेलं तिथे. बाथरूमच्या टाईल्ससारखं तोंड. पाच महिने.

त्या डागांवर मी कुणीतरी सांगितलं म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणली, चिठ्ठी वगैरे कुणी मागितली नाही. चार दिवसांत गाल गोरे गुळगुळीत, मी खूश. लावत राहिले. मग गाल लाल राहायला लागले, उन्हात गेलं की जळजळ, आणि जिथे नुसती लव होती तिथे जाड केस यायला लागले. सेंटरवाली म्हणाली, "मॅडम तुमचे हार्मोन्स आहेत." म्हणजे पैसे घेताना माझे हार्मोन्स नव्हते.

शेवटी एमडी स्किनच्या डॉक्टरबाई. पहिला प्रश्न: "पाळी कशी येते?" मला रडू आलं, खरं सांगते, बारा वर्षांत चेहऱ्याकडे बघून हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी एक तक्ता काढला, ओठाच्या वर, हनुवटी, छाती, पोट, पाठ असे शरीराचे नऊ भाग आणि तिथे केस किती त्याचे प्रत्येकाला शून्य ते चार मार्क. आयुष्यात पहिल्यांदा जास्त मार्क मिळाल्याचं वाईट वाटलं. मग टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी, गायनॅककडे चिठ्ठी. ट्यूब बघून त्यांनी कपाळाला हात लावला. तीन औषधांचं मिश्रण होतं, त्यातलं एक स्टेरॉईड, आणि स्टेरॉईड तोंडाला लावत राहिलं की त्यानेच केस वाढतात! म्हणजे केस घालवायला जाऊन मी डाग घेतले आणि डाग घालवायला जाऊन केस. (२०१८ मध्ये सरकारने स्टेरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी विचारून बघ एखाद्या मेडिकलमध्ये, देतात.) दुसरं त्यांनी सांगितलं ते तू वहीत लिहून ठेव: कमी ताकदीचं किंवा चुकीचं लेझर मारलं तर काही जणींना आजूबाजूचे झोपलेले केस उलट जागे होतात. चेहरा आणि मान इथेच जास्त, आपल्याकडच्या सावळ्या कातडीत जास्त, पीसीओएसवाल्यांत जास्त. म्हणजे तू आणि मी. ऑफरच्या जाहिरातीत हे कुठेही नसतं.

त्यांनी आधी सहा महिने गोळ्या दिल्या, कारण औषधाचा परिणाम केसावर दिसायलाच तेवढा वेळ लागतो. मग लाँग पल्स एनडी याग नावाचं लेझर, लहरीची लांबी १०६४ नॅनोमीटर. हा आकडा पाठ कर, सेंटरला फोनवर विचार, समोरची व्यक्ती गडबडली की फोन ठेव. ही लांब लहर खोल जाते आणि वरच्या कातडीतल्या रंगात कमी अडकते म्हणून आपल्याला त्यातल्या त्यात सुरक्षित. दुखतं. रबरबँड ताणून सोडल्यासारखं, ओठाच्या वर तर डोळ्यात पाणी. आणि गॅसवर भाकरी शेकताना हाताचे केस जळले की जो वास येतो तोच. आधी जबड्याखाली एका ठिकाणी टेस्ट, मग दर पाच-सहा आठवड्यांनी सिटिंग. एका वेळी जे केस वाढीच्या अवस्थेत असतात तेवढेच मरतात, बाकीचे नंतर वर येतात, म्हणून इतक्या फेऱ्या. मधल्या काळात उपटायचं नाही, थ्रेडिंग नाही, वॅक्स नाही, कारण मूळच काढलंस तर लेझर पकडणार कशाला. फक्त रेझर. आणि रेझरने केस जाड होतात हे साफ खोटं आहे, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून टोचतं. लग्नानंतर पहिलं वर्ष मी पहाटे पाचला उठून बाथरूमची कडी लावून दाढी करायचे. हो, दाढीच. मग एकदा नवऱ्यालाच सांगून टाकलं, तो म्हणाला, "तरीच माझी ब्लेड लवकर संपतात."

तू विचारलंयस कॉन्फिडन्स वाढतो का. मला तो शब्दच पटत नाही. मी लाजाळू होते, लाजाळूच आहे, मीटिंगमध्ये आजही बोलताना घसा सुकतो, ते काही १०६४ नॅनोमीटरने जळलं नाही. गेलं काय, तर रोजचा हिशोब. कुठे बसायचं, उजेड कुठून येतोय, कोण किती जवळ येऊन बोलतंय, थ्रेडिंगला किती दिवस झाले, उद्या अचानक कुणी भेटायला आलं तर. हा हिशोब डोक्यात चोवीस तास चालू असतो आणि तो चालू होता हे बंद झाल्यावर कळतं, फ्रिजच्या आवाजासारखं. त्या जागेत मी काय केलं म्हणशील तर बँकेची परीक्षा दिली आणि काउंटर मागून घेतला. खिडकीशेजारचा. पण हनुवटीवर हात ठेवून बसायची सवय अजून आहे, आत्ता लिहिताना पण डावा हात तिथेच होता. स्कार्फ अजूनही बांधते, सिंहगड रोडवर राहते, न बांधून सांगणार कुणाला.

त्यामुळे 'आधी मनाने खंबीर हो मग बाकीचं' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पायात काटा असताना कुणी चालण्याचा आत्मविश्वास शिकवत नाही. मात्र उलट बाजूही सांगते, माझ्या ओळखीत एक आहे, तिचे केस गेले, मग डाग, मग पील, मग नाक, आता तिला हनुवटीच लहान वाटते. आरशासमोर तासन् तास जात असतील आणि बाकीच्यांना जे दिसत नाही ते तुला दिसत असेल तर स्किनवाल्याच्या आधी मानसोपचारवाल्याकडे जा. आणि स्थळासाठी म्हणून करत असशील तर घाई करू नकोस, दोन महिन्यांवर लग्न असताना हे सुरू करायचं काम नाही.

ताईचं राहिलं. गेल्या मे महिन्यात तिचा फोन. वय ४८, पाळी जायला आलीय, आणि हनुवटीवर "चार-पाच राठ केस" आलेत. आवाज एकदम खाली आणून, जणू चोरी केलीय. डॉक्टरांचा नंबर हवा होता. मी म्हणाले, ताई, कॉन्फिडन्स आतून येतो. दोन मिनिटं फोनवर कुणीच बोललं नाही, मग दोघी हसलो, मग तिला रडू आलं. नंबर दिला अर्थातच. पण गंमत पुढे आहे, त्यातले तीन केस पांढरे निघाले, आणि पांढऱ्या केसात रंगच नाही म्हणून लेझर त्याला बघतही नाही. तिला इलेक्ट्रोलिसिस सांगितलंय, एकेका मुळात सुई घालून करंट. तसं कायमचं म्हणायचं तर तेच कायमचं, लेझरला अमेरिकेतसुद्धा फक्त 'कायमची घट' म्हणायला परवानगी आहे, म्हणून मी पण वर्षातून दोनदा टच-अपला जाते. तुझ्या सेंटरवाल्याने 'शंभर टक्के परमनंट' म्हटलं तर तिथून उठ.

मी डॉक्टर नाही हे आता शेवटी लिहितेय, आधी लिहायला हवं होतं. गोळ्या माझ्या सांगण्यावरून घेऊ नकोस, त्यातल्या काही गरोदरपणात अजिबात चालत नाहीत, लग्नाचं बघतायत तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांग. केस अचानक दोन-चार महिन्यांत वाढले असतील, आवाज घोगरा झाला असेल तर लेझर राहू दे, आधी रक्त तपासून घे.

खर्चाचं: माझे तेव्हा हनुवटी, कल्ले आणि गळा मिळून एका सिटिंगला अडीच हजार जायचे, नऊ सिटिंग झाल्या, वर तपासण्या आणि गोळ्या. आताचे भाव वेगळे असणार, तीन ठिकाणी विचार, पॅकेजचे सगळे पैसे आधी भरू नकोस, दर वेळचे दर वेळी दे. डॉक्टरांचं नाव इथे उघड टाकत नाही, मेसेज कर. शनिवारची अपॉइंटमेंट घेऊ नकोस, तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.