अर्धा इंच ड्रायवॉल (जिप्सम बोर्ड) लाकडी स्टडवर (भिंतीच्या सांगाड्यातल्या उभ्या लाकडांवर) लावायला कोणते स्क्रू घ्यावेत, सव्वा इंची की दोन इंची?

सव्वा इंची, जाड आट्याचे. झालं उत्तर. पण तुम्ही खाली लिहिलंय की मित्र म्हणतो दोन इंची घे, जेवढा लांब तेवढा पक्का, आणि हे वाक्य मी गेली सहा वर्षं दर दिवाळीला आमच्या साडूंच्या तोंडून ऐकतोय, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

आम्ही न्यू जर्सीत, साडू पेनसिल्व्हेनियात, दीड तासावर. बेसमेंट करायला घेतलं होतं. फ्रेमिंग मी स्वतः केलं, वायरिंग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, इन्स्पेक्शन पास झालं, आणि लेबर डेच्या सुट्टीत साडू स्वतःचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेऊन हजर. माणूस कामाला वाघ आहे, ते मान्य. एक भिंत मी घेतली, समोरची त्यांनी. दुपारी स्क्रूंचा डबा संपत आला तर ते उत्साहाने दुकानात जाऊन आले, आणि आणले काय तर दोन इंची, तेही बारीक आट्याचे. म्हटलं अहो हे लोखंडी स्टडचे आहेत, आपल्याकडे फॉल्स सीलिंगला जीआय चॅनेलवर मारतात तसले. लाकडात जाड आटेच धरतात. तर म्हणे, "स्क्रू तो स्क्रू, आणि लांब आहे ना, मग हलणार नाही." ते वयाने मोठे, बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, मी काय बोलणार. तिथेच चुकलो.

माझे आजोबा सुतार, घरात सगळं सुतात मोजायचे, त्यामुळे इंचाचे आठ भाग मला अजून सूतच दिसतात. बोर्ड चार सूत जाड. सव्वा इंची स्क्रू दहा सूत, म्हणजे लाकडात गेला सहा, आणि किमान पाच गेला की पुरतं. दोन इंची म्हणजे सोळा सूत, चार बोर्डाचे वजा करा, लाकडात गेला बारा. आता वायरीसाठी स्टडला जे भोक पाडतात त्याची कड इथल्या इलेक्ट्रिकल कोडप्रमाणे स्टडच्या तोंडापासून सव्वा इंच तरी आत लागते, कमी असेल तर वरून लोखंडी प्लेट ठोकायची. सव्वा इंच म्हणजे दहा सूत. वायर दहा सुतावर, स्क्रूचं टोक बारा सुतावर. बघा आता.

संध्याकाळी ब्रेकर चालू केला, खट. परत केला, परत खट. मग रात्री साडेअकरापर्यंत हेडलॅम्प लावून साडूंच्या भिंतीतला एकेक स्क्रू काढून बघत बसलो, आणि एकाच्या आट्यात पिवळं प्लास्टिक अडकलेलं सापडलं, वायरीचं. साडूंचा निकाल लगेच तयार, इलेक्ट्रिशियनने भोक पुढे पाडलं. बोर्ड कापून मोजायची टेप लावली तर बरोबर सव्वा इंच. बरं, स्टडचं लाकूड म्हणजे २x४, तो नावालाच चार इंची, प्रत्यक्षात साडेतीन, त्यात एक इंची भोक अगदी मधोमध पाडलं तरी दोन्हीकडे सव्वाच उरतो. त्या बिचाऱ्याने अजून कुठे पाडायचं होतं? वायर जोडावी लागली, आणि जोड भिंतीत पुरता येत नाही, बॉक्स उघडता आला पाहिजे, म्हणून आमच्या टीव्हीशेजारी आजही एक कोरी पांढरी प्लेट आहे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो हे कशाचं बटण.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं, लाकूड सुकलं, आणि साडूंच्या भिंतीवर रंगाखालून स्क्रूंची डोकी फोडांसारखी वर आली. माझ्याही भिंतीवर आली, खोटं कशाला बोलू, पण तीन-चार. स्क्रू जितका खोल तितका लाकडाचा जास्त भाग त्याच्या लांबीत आकसतो, टोक आत धरलेलं राहतं, स्टडचं तोंड बोर्डापासून मागे सरकतं, मग भिंतीला हात टेकला की बोर्ड आत आणि डोकं बाहेर. म्हणजे लांब स्क्रू पक्का नाहीच, उलट जास्त त्रास.

आणि हे ड्रायवॉलचे काळे स्क्रू लाकडी कपाटं भिंतीला टांगायला वापरू नका, कडक असतात, वाकत नाहीत, सरळ डोकं तुटतं. (हेही साडूंनी केलंय, त्यांच्याकडे. सासूबाई तेव्हा तिथेच होत्या, त्यांना विचारा.)

बाकी किरकोळ: डोकं कागदाच्या किंचित आत जाऊ द्या पण कागद फाटू देऊ नका, फाटला की तो स्क्रू धरून चालू नका, शेजारी दुसरा मारा. इम्पॅक्टने हे जमत नाही, साधा ड्रिल आणि ड्रायवॉलचा बिट घ्या. भिंतीला दर १६ इंचांवर एक स्क्रू, छताला १२. बोर्ड पाच सूत जाडीचा असेल तर मात्र स्क्रू एक इंच पाच सुताचा, माझं वरचं सगळं गणित अर्ध्या इंचाचं आहे. गॅरेजच्या बाजूला किंवा फायर रेटेड भिंत असेल तर आपल्या गावच्या इन्स्पेक्टरला विचारा, माझं ऐकू नका. सांगाड्याची खालची पट्टी प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून औषध मुरवलेली) असेल, बेसमेंटला असतेच, तर तिच्यात काळे स्क्रू मारू नका, गंजतात.

आणि साडू, हे वाचत असाल तर टेप लावलेला फोटो अजून आहे माझ्याकडे. सव्वा इंचच.