मटण निहारी घरी केली की रस्सा पिठल्यासारखा का होतो? कराचीसारखी तर्री वर कशी आणायची?

कुकरच्या ५ शिट्ट्या, पाकिटातला मसाला, शेवटी कणीक. आणि हाती आलं काय, तर पिठल्यासारखा रस्सा, चिवट मटण, वर तर्रीचा थेंब नाही. तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण माझी पहिली निहारी हुबेहूब अशीच झाली होती. माझ्या निहारीत गुठळ्याही होत्या, एवढाच काय तो फरक.

मी ९ वर्षं शारजात राहिले. समोरच्या दारात कराचीच्या एक बाई राहायच्या, साठीच्या पुढच्या. अख्खा मजला त्यांना खाला म्हणायचा, मीही. त्यांचे आईवडील फाळणीत दिल्लीहून कराचीला गेलेले. निहारीही तशीच गेली. जुन्या दिल्लीचा हा पदार्थ. १९४७ नंतर दिल्लीवाले कराचीत बर्न्स रोडच्या आसपास जाऊन बसले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या देगाही, म्हणजे मोठाली पातेली. सकाळपासून काही न खाल्लेलं तोंड म्हणजे उर्दूत 'नहार मुँह', आणि आपली न्याहारी त्याच कुळातली. म्हणजे नावाने तरी ही आपल्याला परकी नाही. रात्री चुलीवर चढवायची, पहाटेच्या नमाजानंतर वाढायची, आणि कष्टाची कामं करणाऱ्याने तिच्यावर दुपार काढायची, असा तिचा हिशोब.

रात्रभर शिजवावी लागते का, असंही विचारलंय तुम्ही. नाही. ती रात्र मोठ्याच्या, म्हणजे गाई-म्हशीच्या मांसासाठी. कराचीच्या दुकानातली निहारी बहुतेक मोठ्याचीच असते, पिंढरीच्या मांसाची. त्याला ते बोंग म्हणतात. ते सहा-आठ तास मागतं. आपल्या बकऱ्याच्या मटणाला साडेतीन ते चार तास पुरतात. गॅस चालू ठेवून झोपायचं तर कृपा करून नाव काढू नका.

आता मटण. इथेच अर्धी निहारी ठरते. मी हल्ली पुण्यात कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून आणते, आणि दर वेळी तेच सांगते: मांडीच्या खालच्या भागाचं, पिंढरीचं द्या, तुकडे मोठे ठेवा, लिंबाएवढे नकोत, मुठीएवढे हवेत. एक किलोत चार-पाच नळ्या असू द्या. पहिल्यांदा गेले तेव्हा खाटीक म्हणाला, "ताई, हे चिवट लागेल, चाप घेऊन जा." तो त्याच्या जागी बरोबर होता. सुक्क्याला, रश्श्याला चाप चांगलीच. पण निहारीला चिवटच हवं. त्या भागात शिरा आणि पांढरे पडदे भरपूर असतात. मंद आचेवर तासन्तास राहिले की ते विरघळतात आणि रश्श्याला तो ओठांना चिकटणारा गुळगुळीतपणा येतो. तुमच्या ५ शिट्ट्या म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात पडदे आखडतात, विरघळत नाहीत. म्हणून चिवट. कोवळं, बिनहाडाचं मटण घेतलंत तर उलटं होईल, चार तासांत त्याचा पार भुगा.

मसाला. पाकिटाचा वाईट नसतो, खालाही घाईत वापरायच्या. पण त्यात मीठ असतं हे लक्षात ठेवा, वरून मीठ घालण्याआधी रस्सा चाखा. घरी करायचा तर एका किलोला दीड टेबलस्पून बडीशेप, एक चमचा जिरं, अर्धा चमचा शहाजिरं, २ मसाला वेलच्या, ४ हिरव्या वेलच्या, ५ लवंगा, १०-१२ मिरे, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, एक तमालपत्र, २ पिंपळ्या, जायपत्रीची एक पाकळी आणि पाव जायफळ. थोडं कोमट करा, भाजू नका, आणि बारीक दळा. त्यात एक चमचा सुंठ पावडर. बडीशेप आणि सुंठ ही निहारीची ओळख. हे दोन कमी पडले की उरतो तो गरम मसाल्याचा रस्सा. पिंपळी काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. नाही मिळाली तर मिरे थोडे वाढवा, अडून बसू नका.

आणि जे घालायचं नाही ते: टोमॅटो नाही, खोबरं नाही, वाटण नाही. हे सांगावं लागतं, कारण मटण दिसलं की आपला हात आपोआप कांदा-खोबरं भाजायला जातो. माझाही गेला होता. खालांनी तवा बघितला, मला बघितलं, आणि काही न बोलता गॅस बंद केला.

भांडं जाड बुडाचं घ्या. पाऊण वाटी तेल आणि पाव वाटी तूप. जास्त वाटेल, पण तर्री आकाशातून पडत नाही. त्यात एक मोठा कांदा पातळ चिरून खरपूस तळून काढून ठेवा. हा वरून घालायला. दुकानवाले घालतातच असं नाही, पण त्या तेलाला जो वास लागतो त्यासाठी मी करते. मग दीड टेबलस्पून आलं-लसूण, त्यावर मटण आणि नळ्या. मटणाचा रंग पालटला की दीड टेबलस्पून काश्मिरी मिरची, एक टेबलस्पून धणेपूड, अर्धा चमचा हळद, दळलेला मसाला दोन चमचे बाजूला ठेवून बाकी सगळा, आणि दोन चमचे मीठ. मिरची जळू द्यायची नाही. लागतंय असं वाटलं तर पाण्याचा हबका मारा. तेल सुटलं की पावणेदोन ते दोन लिटर उकळतं पाणी.

एक उकळी येऊ द्या, वरचा फेस काढा. यापुढे आच एकदम खाली. भांड्याखाली जाड तवा ठेवा, झाकण घट्ट बसत नसेल तर कडेला कणकेची वळी लावा. किती मंद? झाकण लावण्याआधी बघा: एका कोपऱ्यात एक बुडबुडा येतो, फुटतो, मग जरा थांबून दुसरा. एवढंच. मी सारखी झाकण उघडून डाव फिरवायला गेले की खाला म्हणायच्या, "बेटा, सालन को सोने दो." तेव्हा मला ते लाडिक वाटायचं. नंतर कळलं की त्यात तर्रीचं सगळं गणित आहे. रस्सा खळखळ उकळला की चरबी आणि तेल त्यात फेटलं जातं, रस्सा गढूळ होतो आणि वर काहीच येत नाही. शांत राहिला की तेल हळूहळू वर येऊन बसतं, मिरचीचा रंग घेऊन.

तीन तासांनी पहिल्यांदा उघडा. कणकेची वळी असेल तर ती तेव्हाच फोडा. एक तुकडा चमच्याच्या कडेने दाबला तर तुटायला हवा, पण हाडावरून आपण होऊन गळायला नको. अजून थोडा ताठ असेल तर आणखी अर्धा-पाऊण तास.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्याकडून राहिलं आणि बहुतेक पाकिटांवर एका ओळीत उरकलेलं असतं. कणीक लावण्याआधी तर्री काढून घ्यायची. गॅस बंद करून दहा मिनिटं भांड्याला हात लावू नका. मग पळी आडवी धरून, पृष्ठभागाला जेमतेम टेकवून, लाल तेल एका वाटीत गोळा करा. पळी बुडवली की रस्सा येतो, म्हणून फक्त टेकवायची. एक किलोला साधारण वाटीभर निघतं. तुकडे नाजूक झालेले असतात, तेही सावकाश ताटात काढून घ्या. कारण एकदा कणीक पडली की ती तेलाला धरून ठेवते, मग कितीही वेळ वाट बघा, वर येणार नाही. पिठल्यासारखा रस्सा होतो तो असा.

चार टेबलस्पून कणीक कोरडीच मंद भाजा, रंग बदलायच्या आधी, नुसता खमंग वास येईपर्यंत. गार झाली की कपभर गार पाण्यात कालवून गाळून घ्या. गार पाणी, बरं का. माझ्या गुठळ्या गरम रश्श्यात कोरडी कणीक भुरभुरवल्याच्या होत्या. हे पाणी बारीक धारेने घाला, दुसऱ्या हाताने ढवळत राहा, आणि एकदम सगळं ओतू नका. रस्सा डावाच्या पाठीला पातळसा लेप धरेल इतपतच हवा. गार झाल्यावर आणखी दाट होतो. मग मटण परत सोडा, राखून ठेवलेला मसाला घाला आणि मंद आचेवर २५-३० मिनिटं, म्हणजे कणकेचा कच्चेपणा जातो. आता मात्र अधूनमधून बुडाशी डाव फिरवा, कणीक तळाला धरते. शेवटी वाटीतली तर्री वर सोडा आणि ढवळू नका. मिसळीवर कट सोडतो तसंच, तेच काम.

चार तास नसतील तर कुकर चालतो, मी कुणाला कमी लेखणार नाही. पण शिट्ट्या मोजू नका. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक, आणि ३५-४० मिनिटं. वाफ आपली आपण जिरू द्या. झाकण उघडून अर्धा तास मंद आचेवर ठेवा, म्हणजे तेल वर यायला उसंत मिळते. पुढे तर्री काढणं, कणीक, सगळं तसंच. चव ऐंशी टक्के येते. उरलेले वीस टक्के पाहुण्यांना कळत नाहीत, खालांना कळायचे.

वाढताना आल्याच्या काड्या, हिरवी मिरची, कोथिंबीर, तळलेला कांदा आणि लिंबाची फोड वेगवेगळ्या वाट्यांत द्या. लिंबू टाळू नका, एवढ्या चरबीला तेच कापतं. सोबत खमिरी रोटी किंवा तंदुरी नान. भात नको. घरी मी नान करत नाही, बेकरीतून आणते. शारजात एकदा ज्वारीची भाकरी केली होती निहारीबरोबर. खालांनी भाकरीचं कौतुक केलं, पण निहारीशी तिचं जमलं नाही असं स्पष्ट सांगितलं. भाकरीला स्वतःची चव फार, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. त्याच भाकरीबरोबर दुसऱ्या आठवड्यात तांबडा रस्सा दिला, तेव्हा दोन खाल्ल्या.

मुंबईत असाल तर करण्याआधी एकदा सकाळी भेंडी बाजारात जाऊन नळी निहारी खाऊन या. ती कराचीची नव्हे, पण रस्सा किती दाट आणि तेल किती हे डोळ्यांना कळेल, मग घरी अंदाज चुकत नाही.

उरली तर फ्रिजमध्ये तिची वडी पडेल, घाबरू नका, ते पडद्यांचं काम. सकाळी अर्धा कप उकळतं पाणी घालून मंद आचेवर सोडवा. मी तर मुद्दाम शनिवारी रात्री करते आणि रविवारी सकाळी खाते. नळ्या मात्र रात्रीच संपवा.