फोर-व्हील की विंटर टायर?

तू विचारलंस, सप्टेंबरमध्ये मॉन्ट्रियलला येतोय, तर थंडीसाठी फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी गाडी घेऊ की साधी घेऊन विंटर टायर टाकू. कॅनडाच्या या क्यूबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचेच आहेत, ते तुला कोणीही सांगेल.

मी उलटं केलं होतं. कर्ज काढून मोठी फोर-व्हील घेतली, टायरचं डिसेंबरात बघू म्हटलं. खरं सांगू? गाडीचा फोटो आईला पाठवायचा होता. टायर काय, फोटोत कुणाला कळतात!

नोव्हेंबरच्या अखेरीस मुलीला शाळेत सोडताना चौकात ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकची करकर, आणि गाडी आपली निवांत पुढे. इथे थांबायच्या लाल पाटीवर फ्रेंचमध्ये 'आरे' लिहितात. मीही तेच ओरडत होतो. बर्फाच्या ढिगात घुसलो म्हणून वाचलो. घरी फोनवर यातलं काही सांगितलं नाही.

फोर-व्हील ड्राइव्ह बर्फातून निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक तर अल्टोलाही चारही चाकांना असतात. सात अंशांखाली ऑल-सीझन टायरचं रबर कडक होत जातं, पकड सुटते. तेव्हा छोटी गाडी घे आणि तीन शिखरं-हिमकणाची खूण असलेले चार टायर. पैसे वाचवायला दोनच टाकू नकोस, गाडीचं बूड फिरतं. वेगळ्या रिमवर बसवून घे आणि ऑक्टोबरातच गॅरेजचा नंबर लाव.

एकटेपणाचंही विचारलंयस. येतो, जातो. बर्फ उपसायला फावडं हातात घेतलं की सुचत नाही.

मुलीच्या शाळेचं मात्र तू विचारलंच नाहीस. 1977 च्या कायद्यामुळे आपल्यासारख्यांच्या मुलांना सरकारी शाळेत फ्रेंचच. पुण्यात वर्गात बडबडी म्हणून उभी राहणारी माझी पोर इथे नवागतांच्या वर्गात वर्षभर गप्प बसली. घरी येऊन बाहुलीशी मराठीत भांडायची. बाईंनी प्रगतिपुस्तकात 'शांत मुलगी' असं कौतुकाने लिहिलं. ते पुस्तक मी अजून टाकलेलं नाही.

आता ती अकरावीत आहे. मागच्या ऑक्टोबरात टायर बदलायला गेलो, तर माझं फ्रेंच ऐकून मेकॅनिक तिच्याकडे वळला. दोघं हसत बरंच काही बोलले. गाडीत बसल्यावर विचारलं, काय म्हणाला? "काही नाही बाबा, टायर अजून एक सीझन चालतील."